आवाज तीन-चारवर

३ सप्टेंबर, गुरुवार

हॉलमधून होकार आला. दहा ऑक्टोबरच्या संध्याकाळी अर्धा तास आमचा.

आमचा म्हणजे माझा आणि शिट्टीचा. कॉलेजात सर फळ्याकडे वळले की ही शीळ घालायची, तेव्हापासून ती शिट्टी. आता शाळेत मुलांना गाणं शिकवते, केस पांढरे झालेत, तरी माझ्या तोंडी तेच नाव आहे. मी लोकांचे कान तपासते म्हणून ती मला कानवाली म्हणते. दर गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येते. ती गाते, मी टॅबलेटवर वाजवते.

'वाजवते' म्हणताना मला अजून जरा संकोच होतो. काचेवर सोळा चौकोन असतात. प्रत्येकात मी एकेक आवाज भरून ठेवलाय: दाराची कडी, कात्री, फरशीवर ओढलेली खुर्ची, अर्ध्या भरलेल्या बाटलीच्या तोंडावर मारलेली फुंकर. बोट टेकवलं की तो आवाज येतो. या ॲपला सॅम्पलर म्हणतात. बाटलीचा आवाज वरखाली करून मी त्याची अख्खी बासरी केली आहे. शिट्टी तिला 'तुझी बाटली' म्हणते, आणि ते ऐकून बाहेरच्या कोणाचा काही भलताच समज होऊ शकतो.

होकार आल्याबरोबर तिला फोन केला. मला वाटलं होतं किंचाळेल. ती म्हणाली, "अरे वा." मग म्हणाली, "दहा तारीख ना? बघते."

"बघते काय? ठरलंय."

"अगं हो. शाळेचं काहीतरी असतं, म्हणून म्हटलं."

हॉलच्या संचालिकाबाई म्हणाल्या की जमलं तर दर महिन्याला एक संध्याकाळ देऊ. हे तिला सांगायचं राहून गेलं. उद्या सांगेन.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं." काय छान झालं ते तिला ऐकू आलं नव्हतं. तिचं कानाचं मशीन कपाटात डबीत आहे. दिवसभर मी परक्यांना पटवते की लावा, सवय होईल, आणि घरी माझी आई म्हणते, "जे ऐकायचं ते येतं मला ऐकू."


१० सप्टेंबर, गुरुवार

शिट्टी उशिरा आली. एरवी आल्यावर घसा मोकळा व्हायला तिला बराच वेळ लागतो, आज पहिलाच सूर स्वच्छ लागला. म्हटलं, "गाऊन आलीस की काय?" ती म्हणाली, "शाळेत ओरडून ओरडून तापतो आपोआप."

मग तिनेच विषय काढला. "समज, त्या दिवशी माझा घसा बसला तर? तू माझा आवाज भरून ठेव ना त्या चौकोनांत. म्हणजे मी नसले तरी तुझं अडायला नको."

"नसलीस तरी म्हणजे?"

"घसा नसला तरी. तू ना, प्रत्येक शब्दाचा कान धरतेस."

कल्पना मला आवडली. तिच्या चार ओळी, एक लांबलचक आलाप आणि तोंड मिटून केलेली गुणगुण, असं सगळं घेतलं. एरवी माइक लावला की तिच्या माकडचेष्टा सुरू होतात. आज एकही नाही. प्रत्येक ओळ मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा गायली, आणि मध्येच म्हणाली, "नीट घे हं. मला पुन्हा नाही जमणार."

इतक्या वर्षांनी ती गंभीरपणे घ्यायला लागली आहे. हॉलचा परिणाम असावा.


१३ सप्टेंबर, रविवार

हॉलच्या साउंडवाल्याशी बोलले. त्यांनी विचारलं, "टॅबलेटमधून किती लाइन येणार?"

"एकच. म्हणजे डावी-उजवी."

"आणि त्यात सगळं?"

"सगळं."

"ताई, कांदे, बटाटे, चपला, सगळं एका पिशवीत घालून आणाल आणि मला म्हणाल, कांदा जरा कमी करा. कसा करू? गाण्याचा आवाज वेगळा द्या. चार लाइन काढा."

माणूस तिरसट आहे, पण म्हणणं बरोबर आहे. सॅम्पलरमधले सगळे आवाज आपण काही सांगितलं नाही तर एकाच वाटेने बाहेर पडतात. ते वेगळे करायचे तर तीन ठिकाणी सांगावं लागतं. सॅम्पलरमध्ये सांगायचं की हा चौकोन कोणत्या आउटपुटला. मिक्सरच्या ॲपमध्ये त्या आउटपुटसाठी वेगळं चॅनल उघडायचं. आणि मग त्या चॅनलला सांगायचं की टॅबलेटला जोडलेल्या खोक्याच्या कोणत्या भोकातून बाहेर जा. खोक्याला चार भोकं आहेत. एक-दोनवर कडी, कात्री, खुर्ची, बाटली. तीन-चारवर शिट्टी.

हे काम मला परकं नाही. क्लिनिकमध्ये मी हेच करते. काचेच्या पलीकडे माणूस बसलेला असतो, मी अलीकडून एकदा त्याच्या उजव्या कानात आवाज सोडते, एकदा डाव्या. एका कानाची तपासणी चालू असताना दुसऱ्यात खरखर सोडून ठेवावी लागते, नाहीतर चांगला कान अधू कानाच्या वाटचंही ऐकून घेतो, आणि माणसाला वाटतं दोन्ही ठीक आहेत.


१५ सप्टेंबर, मंगळवार

दोन संध्याकाळी फुकट. सॅम्पलरमध्ये शिट्टीच्या चौकोनांना वेगळं आउटपुट दिलं आणि ती गप्पच झाली. चौकोन दाबला की उजळतो, आत आवाजाची रेघ हलते, बाहेर काही नाही. शेवटी लक्षात आलं की मिक्सरमध्ये त्या आउटपुटचं चॅनलच मी उघडलं नव्हतं. मी तिला दारातून बाहेर पाठवलं होतं आणि पलीकडे खोलीच नव्हती.

चॅनल उघडली, तिच्या चार ओळींना चार. आलाप आणि गुणगुण दुसऱ्या ओळीच्या चॅनलमध्येच ठेवली. आणि एकदम ती खोलीत आली. तीन-चारला जोडलेल्या उजवीकडच्या स्पीकरमधून, एकटी, स्वच्छ. मी उठून उभी राहिले.

लगेच तिला फोन केला. मागे ढोल की ड्रम वाजत होता.

"कुठे आहेस?"

"शाळेत. मुलांची तयारी चाललीय."

"इतक्या उशिरापर्यंत?"

"सांगू नकोस बाई. बोल."

मी सांगायला लागले, चॅनल, आउटपुट, तीन-चार. ती 'हं, हं' करत होती. मग कोणीतरी मागून तिला हाक मारली, बाप्याचा आवाज होता. ती म्हणाली, "ठेवते गं, मुलं थांबलीत."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी लोकांना फार कंटाळा आणते. आउटपुटचं कौतुक कोणी किती वेळ ऐकावं.


१७ सप्टेंबर, गुरुवार

शिट्टी आली नाही. घसा बसलाय. मेसेज लिहून पाठवला, त्यामुळे घसा मला तपासता आला नाही. हा विनोद तिला पाठवायला हवा होता, पण ती आजारी आहे.

मग भरलेल्या आवाजावर सराव केला. हेडफोनला खोक्याच्या दोन्ही जोड्या जोडून घेतल्या आहेत, म्हणजे एक-दोन आणि तीन-चार, सगळं मला ऐकू येतं. आईला त्रास नको म्हणून हेडफोन, असं लिहिणार होते. आईला काय त्रास होणार.

सगळं जमलं. इतकं जमलं की शेवटी मी वळून "कसं झालं?" विचारायला गेले. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

एक गोष्ट लक्षात आली. तिसऱ्या ओळीच्या आधी ती श्वास घेते. तो श्वास मी कापला नाही, कारण मी त्यावरच शिरते. समोर असते तेव्हा तिचा श्वास दर वेळी वेगळा असतो, आणि मी तिच्याकडे बघून सांभाळून घेते. आता तो दर वेळी तेवढाच. सोपं आहे. जरा जास्तच सोपं आहे.


२४ सप्टेंबर, गुरुवार

आली. घसा उत्तम. मी म्हटलंही, इतका लवकर कसा सुटला. ती म्हणाली, "गुळण्या."

बाटलीचं पहिलं वळण ऐकून म्हणाली, "हे आम्ही वरून घेतो, जास्त चढतं." करून दाखवलं. खरंच जास्त चढलं. आम्ही म्हणजे शाळेतली मुलं असणार. मुलांना इतकं अवघड शिकवते याचं मला नवल वाटलं.

निघताना तिने तिचा माइकचा स्टँड मागितला. वर्षानुवर्षं तो माझ्या कपाटाशेजारी उभा आहे, मी त्यावर छत्री अडकवते.

"शाळेत हवाय."

"मग इथे तू माइक कशाला लावणार?"

"माझा आवाज आहे ना तुझ्याकडे."

ती गेल्यावर आई म्हणाली, "हिचं काहीतरी बिनसलंय."

"कशावरून?"

"सारखी घड्याळाकडे बघते. आधी तुझ्याकडे बघायची." आईला ऐकू येत नाही, त्यामुळे ती माणसांकडे फार बघते आणि नाही नाही ते शोधून काढते.


१ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळीच तिने फोन करून सांगितलं की दहा तारखेला ती स्टेजवर नसेल, समोर बसेल.

"मला एकदा बाहेरून ऐकायचंय," ती म्हणाली. "आणि तुला माझी गरजच कुठे आहे आता? सगळी आहे मी त्यात. गुणगुण धरून."

मी म्हटलं, "ठीक आहे."

ठीक आहे का म्हटलं, याचा आज दिवसभर विचार केला. दुपारी एका आजोबांची तपासणी करत होते, ते आवाज नसतानाही बटण दाबत होते. काही माणसं तसं करतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्यांना समजावताना माझा स्वर चढला. त्यांची माफी मागितली.

मला वाटतं चूक माझी आहे. तिने तिचा आवाज अडीअडचणीसाठी दिला. मी त्याची चॅनल केली, त्याला लाइन दिली, तिला फोन करकरून सांगितलं की किती स्वच्छ येतोय. कोणत्या गाणाऱ्याला हे ऐकायला आवडेल? मीच तिला खुर्चीवरून उठवलं आणि तिथे टॅबलेट ठेवला. ती रागावली आहे आणि मोठ्या मनाने दाखवत नाही.

दहा तारखेला तिने ऐकावं एवढंच मला हवंय. ऐकल्यावर तिला कळेल की हे सगळं तिच्याभोवती बांधलंय. मग पुढच्या महिन्यात ती आपणहून वर येईल. नाही आली तर मला गुरुवार नाही. तो गेला तर आठवड्यात दुसरं काय आहे, ते इथे लिहून बघणार होते. नको.


११ ऑक्टोबर, रविवार

काल काही लिहिलं नाही. आज घडलं तसं लिहायचा प्रयत्न करते.

हॉल वाचनालयाच्या मागे आहे, खुर्च्या घडीच्या, पडदा मळका, पण आवाज चांगला घुमतो. पोचले तर साउंडवाले केबलच्या गुंत्यात बसलेले. वर न बघता म्हणाले, "ताई, नाटकवाल्यांनी सगळ्या लाइनी खाल्ल्या. तुम्हाला दोनच मिळतील."

"तुम्हीच चार काढायला सांगितल्या होत्या!"

"तेव्हा नाटकवाले नव्हते. चाराच्या दोन करा, काय त्यात."

काय त्यात, ते मला माहीत होतं. तीन-चारवर जाणारी शिट्टीची चारही चॅनल एक-दोनवर आणायची. प्रत्येक चॅनलवर बोट ठेवायचं, यादी उघडते, 'एक-दोन' निवडायचं. मी पहिलं चॅनल उघडलं. यादी उघडली. तेवढ्यात तिचा फोन आला.

"निघालो गं आम्ही. पुढच्या दोन रांगांत जागा मिळेल का? आमच्या ग्रुपमधले तिघे आहेत सोबत."

"कोणत्या ग्रुपमधले?"

"अगं, आमचा ग्रुप आहे ना. तुला बोलले नव्हते का? गिटार, ड्रम वगैरे. त्यांना तुझं ऐकायचंय."

"बरं," मी म्हटलं. "जागा धरते."

फोन ठेवला. यादी अजून उघडी होती. मी ती बंद केली. पुढच्या रांगेत जाऊन चार खुर्च्यांवर माझी ओढणी, पिशवी, पाण्याची बाटली आणि कार्यक्रमाचा कागद ठेवला. परत आले. साउंडवाले म्हणाले, "चला, वाजवा काहीतरी." मी कडी वाजवली, खुर्ची ओढली, बाटली फुंकली. "येतंय, येतंय. गाण्याचं?" मी म्हटलं, "तेही तसंच येईल." तिचा आवाज त्या हॉलमध्ये पहिल्यांदा उमटेल तेव्हा ती समोर असावी, असं मला वाटत होतं. रिकाम्या खुर्च्यांना तो ऐकवायचा नव्हता.

रोज मी माणसाचा एक कान नीट निघाला म्हणून दुसरा सोडून देत नाही. काल सोडला.

हेडफोन लावले आणि वाजवलं. माझ्या कानात सगळं होतं. तिची पहिली ओळ आली तेव्हा मी समोर बघितलं. ती तिच्या त्या तिघांच्या मधोमध बसली होती, एकदम ताठ. दुसऱ्या ओळीला तिने हात तोंडावर नेला. मला वाटलं, पोचलं. त्यानंतर मी इतकं चांगलं वाजवलं की तसं यापूर्वी कधीच वाजवलं नव्हतं. तिसऱ्या ओळीच्या आधीचा श्वास माझ्या कानात आला, मी शिरले, आणि आलापाच्या वेळी बोटं उचलून तिला पूर्ण जागा करून दिली.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. संचालिकाबाई म्हणाल्या, "केवढं मोकळं होतं! त्या थांबण्याच्या जागा! पुढच्या महिन्यात हेच करा, अगदी असंच." मी म्हटलं, "गाणं आवडलं ना?" त्या म्हणाल्या, "हो, गाणं नसताना इतकं धरून ठेवणं सोपं नाही."

मला समजायला वेळ लागला. मी खोक्याकडे बघितलं. दोन भोकांत केबल, दोन रिकामी. शिट्टी पूर्ण वेळ रिकाम्या भोकांतून गात होती. हॉलमध्ये ती नव्हतीच.

ती स्टेजच्या पायऱ्यांशी आली. डोळे भरलेले. मला वाटलं आता बोलणी खाणार. तिने मला घट्ट मिठी मारली.

"काढलंस मला," ती म्हणाली. "कानवाले, बरं केलंस. मला वाटलं होतं तुला कधी कळणारच नाही, आणि मला कधी सांगता येणार नाही."

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. केबल विसरले, चॅनल हलवायचं राहिलं, एवढंच. मी म्हटलं, "हं."

मग तिचे ग्रुपवाले आले. गिटारवाला फार चांगला वाटला. त्याने बाटलीबद्दल विचारलं.


१३ ऑक्टोबर, मंगळवार

साउंडवाल्यांनी हॉलमधलं रेकॉर्डिंग पाठवलं. ऐकलं.

लोक म्हणतात ते खरं आहे, मोकळं आहे. पण त्या मोकळ्या जागांचं माप मला माहीत आहे. ही तिची ओळ, हा श्वास, हा आलाप. मी तिथे थांबलेली नाही, मी तिथे तिला ऐकते आहे. लोकांनी टाळ्या दिल्या त्या माझ्या ऐकण्याला, आणि मी काय ऐकत होते ते कोणालाच ऐकू येत नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. फोन ठेवल्यावर मी यादी बंद केली ती विसरून की जाणून? मी पुन्हा पुन्हा त्या क्षणाशी जाते. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला वाटायला लागतं की बोट यादीवर होतं तेव्हा मला आठवत होतं. पाचव्या वेळी वाटतं, नव्हतं. ठरवता येत नाही. विसरले असं म्हणण्यात मी सुटते. मुद्दाम केलं असं म्हणण्यात मी जरा मोठीही दिसते, ताठ कण्याची बाई. दोन्हींपैकी माझं कोणतं, ते मला खरंच माहीत नाही.

पण शिट्टीला वाटतंय की मी तिला समजून घेऊन सोडलं. हे तरी नक्कीच खरं नाही. मी तिला सोडलेलं नाही.


१५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळीच फोन करून सांगितलं, आज ये, काम आहे. आली. लवकर जायचंय हे तिने आधीच सांगितलं नाही, मीच विचारलं. "थोडं," ती म्हणाली.

मी तिला हेडफोन दिले आणि हॉलमध्ये वाजवलेलं सगळं तसंच वाजवून दाखवलं. मला फक्त काचेवर बोटं टेकल्याची टकटक ऐकू येत होती. पहिल्या ओळीला तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले. संपलं तेव्हा हेडफोन काढायला तिला वेळ लागला.

"मी आहे की यात."

"होतीस. त्या दिवशीही होतीस. फक्त माझ्या कानात. दोनच लाइन मिळाल्या, तुझी चॅनल हलवायची राहिली."

"म्हणजे चूक झाली?"

"बहुतेक."

"बहुतेक काय गं? चूक एक तर होते नाही तर नाही."

"तुझा फोन आला तेव्हा हलवतच होते. नंतर नाही हलवली. का ते मला माहीत नाही."

ती हसायला लागली, मोठ्याने, कॉलेजातल्यासारखी. "मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ती काय मनाची मोठी आहे! एक शब्द न बोलता मला मोकळं केलं! आणि ही बया केबल विसरली होती."

मीही हसले. मग ती हसायची थांबली.

"म्हणजे तू मला सोडलं नव्हतंस," ती म्हणाली.

"नाही."

"मग ते मलाच करावं लागणार." हातातल्या हेडफोनची वायर ती बोटाभोवती गुंडाळत, सोडत होती. "दर मंगळवारी, गुरुवारी त्यांच्याकडे तालीम असते. उन्हाळ्यापासून जाते मी. आधी वाटलं दोन्ही जमेल. मग दर वेळी तुझ्या दारात उभी राहून नवीन थाप शोधायची. घसा काय, पाहुणे काय. मुलं काय. तू एकदाही विचारलं नाहीस."

"मला वाटलं मी तुला कंटाळा आणला."

"नाही गं." मग वायर सोडून देत, "थोडा. पण त्यासाठी नाही. मला माणसांत गायचंय. चौघं मिळून चुकतात, भांडतात, कोणीतरी मध्येच भलतंच घेतो. तुझ्याकडे सगळं इतकं जागच्या जागी असतं की मी चुकूच शकत नाही."

मी विचारलं, "म्हणून आवाज भरून दिलास?"

"तुझं अडू नये म्हणून." ती रडत होती, पण आवाज सरळ होता, गाणाऱ्यांना ते जमतं. "यापुढे मी नाही येणार गुरुवारी. बघ, म्हटलं. उन्हाळ्यापासून हेच म्हणायचं होतं."

मी म्हटलं, "ऐकलं."

चहा केला. आईने तिला बिस्किटं दिली आणि "बारीक झालीस" म्हणाली, जे तसं काही खरं नाही. चपला घालताना शिट्टीने विचारलं, पुढच्या महिन्याचं काय. मी सांगितलं, त्यांना अगदी तसंच हवंय. ती म्हणाली, "मग वाजव. पण कानातून काढ मला. नाही तर ते तुझं नाहीच."

हे तिने माझ्या भल्यासाठी सांगितलं की स्वतःच्या सुटकेसाठी, ते मी शोधत बसणार नाही. प्रयत्न करेन.


१८ ऑक्टोबर, रविवार

दुपारी बसले. मिक्सरमध्ये शिट्टीची चारही चॅनल उघडली, एकेकाची यादी उघडून सगळ्यात खालचं 'कुठेही नाही' निवडलं. तिचा आवाज सॅम्पलरमध्ये तसाच आहे, पुसला नाही. पुसायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि आज तो नको.

वाजवायला लागले आणि दुसऱ्या वळणावर हरवले. पुन्हा. पुन्हा हरवले. जिथे मी इतकी छान थांबते असं लोक म्हणाले, तिथे मला थांबता येईना. दोन आवाजांच्या मधली रिकामी जागा इतकी मोठी असते याची कल्पना नव्हती. मी घाईने कडी वाजवून ती भरून टाकत होते. मग मनातल्या मनात तिची ओळ म्हणत माप धरायला लागले, ते लक्षात आल्यावर तेही सोडलं. एकदा वैतागून हेडफोन आपटले. आई पलीकडे भाजी निवडत होती, तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला एकदा शेवटपर्यंत गेले. हेडफोन काढले होते, स्पीकर चालू होते. तिसऱ्या ओळीची जागा आली. मी वाट बघितली, पण कोणाची नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. कधी शिरायचं ते सांगायला कोणी नव्हतं, आणि मला शिरावंसं वाटलं तेव्हा मी शिरले. हॉलमधल्यापेक्षा ती जागा बरीच लांब झाली, जवळजवळ चुकल्यासारखी.

रेकॉर्डिंग लावून तपासलं. लांब आहेच. तशीच ठेवली.